मुक्कामाच्या गावचा घेवडा

आप्पा, तुमच्यासाठी एक निरोप आहे. तो सांगायला म्हणूनच लिहायला बसले. पण नुसता निरोप सांगितला तर तुम्ही विचाराल, तू तिथं कशाला गेली होतीस, आणि आई कशी काय तयार झाली? म्हणून आधी घेवड्याचं सांगते. तुमचा जांभळ्या काठाचा घेवडा आम्ही खाऊन टाकला. शेंगा नव्हे, पेरणीसाठी ठेवलेलं बी. मावशी उन्हाळ्यात राहायला आली होती. आईला जरा विश्रांती म्हणून तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, फळीवरच्या मागच्या डब्यात तिला वाल दिसले, ते भिजवले आणि फक्कड उसळ केली. भाऊ बोटं चाटत म्हणाला, "मावशी, अशी उसळ आईला जमत नाही हं." आई जरा फणकाऱ्यानं म्हणाली, "वाल चांगले असतील." मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. पुढच्या आठवड्यात आई गच्चीवरच्या डब्यांतली माती उकरून बी घ्यायला खाली आली, तर फळीवरच्या त्या डब्यात मावशीनं शेंगदाणे भरलेले. मावशी म्हणाली, "अगं बाई, मग सांगून ठेवायचं नाही का?" आई ओट्याला टेकून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "यांनी आणलेलं होतं ते." मावशीनं डबा पुन्हा पुन्हा पुसला.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या गच्चीवर कुठल्याच रोपाला त्याच्या नुसत्या नावानं हाक मारत नसत. तुमची कंडक्टरची ड्युटी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी नाशिकहून निघालेली लाल गाडी ज्या गावी थांबायची, तिथंच तुम्ही आणि ड्रायव्हरकाका झोपायचे आणि पहाटे गाडी घेऊन परत. येताना तिकिटांच्या पेटीशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी असायचंच. कुणाच्या परसातली फांदी, कुणी दिलेला कंद. तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून तुम्ही ते लावायचात आणि गावाचंच नाव द्यायचात. सकाळी चहाचं आधण ठेवून आई अजूनही मला म्हणते, "जा गं, हरसूलची दोन पाती तोडून आण," आणि मी गवती चहा आणते. वड्या करायच्या असल्या की सुरगाण्याची पानं. शेजारच्या काकू हसायच्या, "तुमच्या घरी भाजी चिरतात की जिल्हा?" तुम्ही म्हणायचात, "वहिनी, चढा तुम्हीपण, जागा आहे." आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीतही एक डबा जायचा. त्या सगळ्यात घेवडा तुमचा लाडका. पेठच्या पलीकडच्या त्या लहान गावातून आणलेला. दर थंडीत वेलावरच्या शेवटच्या शेंगा तुम्ही तोडू द्यायचा नाहीत. त्या खुळखुळेपर्यंत वाळायच्या आणि मग ते बी फळीवर जायचं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. त्या वर्षीही आईनं शेवटच्या शेंगा राखल्या आणि नंतर कधी चुकली नाही.

आणि आपले डोंगर. तुम्हाला घरच्यांसाठी फुकट प्रवासाचा पास मिळायचा, तेव्हा बाकीच्यांचे बाबा पोरांना देवाला नाहीतर लग्नाला न्यायचे. तुम्ही आम्हाला तुमच्या मुक्कामाच्या गावांना नेलंत. म्हणायचात, "रोज पहाटे काचेतून डोंगर बघतो. गाडी वळते तिथूनच तो सुरू होतो, आणि नेमकं तिथूनच मला मागं फिरावं लागतं." म्हणून सुट्टीत आपण चौघं. आईच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा, भावाच्या गळ्यात पाण्याची बाटली, आणि सगळ्यांत मागे तुम्ही, हातात काठी घेऊन. कंडक्टरची जागा मागेच, असं तुमचं म्हणणं. काठी हीच तुमची घंटी: दगडावर एकदा आपटली की थांबायचं, दोनदा आपटली की निघायचं. एकदा मी कुणाचंच न ऐकता पळत सुटले आणि माथ्यावर सगळ्यांत आधी पोचले. तुम्ही बऱ्याच वेळानं आईचा हात धरून वर आलात. मला वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही कपाळावरचा घाम पुसलात आणि शांतपणे म्हणालात, "तू पोचलीस, बरं झालं. गाडी नाही पोचली अजून." मी तेव्हा तोंड फुगवून बसले होते. पण पदवीच्या दिवशी, घरातली पहिली म्हणून सगळे पेढे भरवत होते, तेव्हा मला तेच वाक्य ऐकू येत होतं. मी आता शाळेत शिकवते आप्पा. भावाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आई माझ्या वर्गातल्या पोरींची पुस्तकं घेऊन इंग्रजी वाचायला बसते, अडली की रागावते, पण पुस्तक सोडत नाही. मी मागे उभी आहे. गाडी चालू आहे.

तर घेवडा. मी म्हटलं, आपण त्या गावी जाऊ, बी परत मागू. आई नाही म्हणाली. तुम्ही गेल्यापासून ती त्या बाजूच्या गाडीत बसली नव्हती, डोंगर तर लांबच. "कोण ओळखणार आहे आपल्याला तिथं?" भाऊ म्हणाला, "आई, पावसाळा तोंडावर आलाय. या वर्षी वेल नाही लागला तर तुला गच्चीवर जाववेल का?" आई उठली आणि पीठ मळायला घेतलं. भाकऱ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त केल्या, त्यावरून आम्ही समजलो.

गाडी वळते तिथलं, तुम्हाला घेवडा देणाऱ्या आजींचं ते घर तसंच आहे, कुडाच्या भिंती तेवढ्या विटांच्या झाल्यात. आजी ओट्यावर नागली पाखडत होत्या. आईला त्यांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाल्या, "तू कंडक्टरची ना गं? डोंगरावर शालू नेसून चढली हुतीस ती!" आई लाजली, म्हणाली, "शालू नव्हता हो, साधीच साडी होती." "आमाला शालूच तो." मग मी आमच्या उसळीची हकिगत सांगितली. मला वाटलं, आजी हळहळतील. त्या सूप बाजूला ठेवून पोट धरून हसल्या. "खाल्लं ना? मंग वाया नाय गेलं. आमचं तर एका साली पार कुजून गेलं, एक दाना नाय राह्यला. सगळ्या गावात नाय. तुझ्या बापालाच सांगितलं मी. त्यानं तुमच्या घरून आनून दिलं, कागदाच्या पुडीत. म्हनला, आजी, तुमचंच हाय, माझ्या गच्चीवर मुक्कामाला आलं हुतं." त्यांनी हात करून दाखवलं. कुंपणाकुंपणावर गेल्या वर्षीच्या वेलांचे वाळलेले दोर दिसत होते. ते सगळे वेल आपल्या गच्चीवरचे, आप्पा. तुम्ही घरी हे कधीच का सांगितलं नाही? आई त्या कुंपणांकडे बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "चला, आलोच आहोत तर वर जाऊन येऊ."

भाऊ पुढे, मध्ये आई, मागे मी. करवंदीच्या जाळ्या लागतात तिथं आई दम घ्यायला थांबली. मीही थांबले. वारा नव्हता, खालच्या गावातलं कोंबडं आरवलेलंसुद्धा ऐकू येत होतं. आई वळून म्हणाली, "अगं, घंटी दे की. किती वेळ उभं राहायचं?" माझ्या हातात काठी नव्हती. मी एक दगड उचलला आणि कातळावर दोनदा आपटला. आई चालू लागली. आम्ही माथ्यावर तिघं एकदमच पोचलो.

खाली आलो तेव्हा आजींनी बी बांधून ठेवलं होतं, एक नाही, दोन पुड्या. एक आईच्या हातात दिली. दुसरी माझ्या. "ही त्याची. लय दिस दिसला नाय. ड्युटी बदलली का त्याची?" गाडीवरची माणसं बदलत राहतात, कोण कुठं गेलं हे गावाला कोण सांगणार? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो." तेव्हा आजी म्हणाल्या, "मंग त्याला म्हनावं, भाकर झाकून ठेवलीय. उशीर झाला तरी येऊन जा."

हा तो निरोप.

परतीच्या गाडीत आईनं विचारलं, "का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू का नाही?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी सांगू." म्हणजे पुढची वेळ आहे.

तुमच्या पुडीतलं बी जिन्याजवळच्या डब्यात लावलंय, वेल कठड्यापर्यंत आला आहे. हा कागद कुठल्याच पेटीत पडणार नाही, हे मला कळतं. पण एक कबूल करते. शाळेत मी पोरींना काहीही झालं तरी खरंच बोला असं शिकवते, आणि त्या दिवशी आजींना "हो" म्हणताना मला ते खोटं वाटलंच नाही.