ऑलिव्हिनमधलं पाणी

मे २०१४, शनिवार, संध्याकाळ

आज प्रयोगशाळेत ऑलिव्हिन या खनिजाच्या कणात पाणी सापडलं, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मुगाच्या डाळीएवढा हिरवा कण, ज्वालामुखीने पार पृथ्वीच्या पोटातून, प्रावरणातून वर आणलेला. त्यातलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, स्फटिकातच गुंतलेलं असतं, नावापुरतं. पण तेवढ्यानेच खालचा कडक खडक मऊ पडतो, लवकर वितळतो, सावकाश वाहायला लागतो.

सगळ्यांना सांगून झालं आणि मग खिडकीतल्या कूलरकडे लक्ष गेलं. सकाळपासून चालू, खोलीतली हवा दमट. मी कण वाळवलाच नव्हता. मग मोजलं ते खडकाचं पाणी, की कूलरचं? आकडा भरघोस आला तेव्हाच शंका यायला हवी होती. कण भट्टीत ठेवून घरी आले. वरवरचं असेल ते उडून जाईल, आतलं असेल ते राहील.

घरी शेजारच्या काकू बाबांना विचारत होत्या, "अब तेलंगाना बन रा. तुम मराठी लोगां क्या करते? वापस जाते क्या?"

बाबा हिमायतनगरच्या याच घरात जन्मले. "वापस कहाँ जाना, अम्मा?" एवढंच म्हणाले. काकू गेल्यावर मला म्हणाले, "छप्पन साली भाषेवरून राज्यं पाडली, तेव्हाही हेच विचारलं होतं गं." मग घरचा कूलर बंद करून बसून राहिले, एवढ्या उकाड्यात.

तो कण डोक्यातून जात नाही. त्याचा निकाल सोमवारी लागेल. बाबांना इथे सत्तर वर्षं झाली, लोक अजून वाळवून बघतायत.