गाडी बंद करण्याआधीचं एक मिनिट

अण्णा,

आज चार वाजता कळवणहून एक गृहस्थ तुमची गाडी बघायला येणार आहेत. आत्ता दोन वाजलेत आणि सकाळपासून मी तीनदा खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. पहिल्यांदा धूळ पुसायला, दुसऱ्यांदा कागद ठेवायला, तिसऱ्यांदा कशाला गेले ते जिना उतरल्यावर आठवेना. आई म्हणाली, "बस की गं एका जागी. गाडी दाखवायची आहे, मुलगी नाही." म्हणून बसले आणि हे लिहायला घेतलं. त्या गृहस्थांचं कळवणला ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. काल फोनवर त्यांनी गाडी किती चालली ते विचारलं नाही, किंमतही विचारली नाही. म्हणाले, "ताई, एकच सांगा. गाडी पळवून आणली आणि गरम असतानाच बंद केली, असं कधी झालंय का?" मी म्हटलं, "नाही. कधीच नाही." हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे माझ्याखेरीज फक्त आईला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यापासून कुठेच टेकवत नाही.

तुम्ही ही गाडी कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांकडून घेतलीत तेव्हा मी बारावीत होते. सातपूरच्या कारखान्यात, टूलरूममध्ये, उभा जन्म मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस स्कूटरवरून उतरून थेट असल्या गाडीत बसला, याचं सगळ्या कॉलनीला नवल. दिसायला साधी चार दारांची गाडी, मागे डिकी, डिकीवर छोटासा पंख. तिच्या पोटात काय आहे ते तुम्हाला पक्कं माहीत होतं आणि तुम्ही साठच्या वर कधी जात नव्हतात. पहिल्याच दिवशी घरासमोर थांबलो आणि आई दार उघडायला लागली, तर तुम्ही हात वर केलात. "एक मिनिट. बसा सगळे." मग बोनेटकडे बोट दाखवून समजावलंत. आत टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची, पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, भयंकर तापतात, आणि त्यांना तेल पुरवतं ते इंजिन. किल्ली फिरवली की तेल थांबतं, पाती मात्र फिरतच असतात. म्हणून आधी इंजिन नुसतं चालू ठेवायचं, घड्याळ लावून एक मिनिट. आई म्हणाली, "मी बाहेरून येऊन जरा टेकले तर चहा कुठाय विचारता. हिला बरा दम खाऊ देता."

साठनं चालवलेल्या गाडीला त्या मिनिटाची काही गरज नसते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तुम्हाला ते पहिल्यापासून माहीत असणार. पण आम्ही बसायचो. समोरच्या बंगल्यातले काका फाटकातून ओरडायचे, "काय, उतरायला मुहूर्त लागतो का?" आणि तुम्ही काच खाली करून म्हणायचात, "भटजी वाटेत आहेत." घरात गेलं की कुकर, टीव्ही, फोन. गाडीत सगळ्यांची तोंडं पुढे, कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नसे. मला इंजिनीअरिंगला जायचं नाही हे मी त्या मिनिटात सांगितलं. कंपनी टूलरूम बंद करतेय हे तुम्ही त्याच मिनिटात सांगितलंत, आणि मिनिट संपल्यावरही बराच वेळ किल्ली फिरवली नाहीत. आईनं मागून पुढे वाकून तुमच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

एकदाच तुम्ही गाडी पळवलीत. वणीहून परत येताना सरळ, मोकळा रस्ता होता, तुमच्या मनात काय आलं कोण जाणे. पाठ सीटला चिकटली, द्राक्षाच्या बागा नुसत्या हिरव्या रेघा झाल्या. वेग उतरल्यावर आई शांतपणे म्हणाली, "परत करा." तुमचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर आता परत कशाला घेतील गं?" आई म्हणाली, "अहो, गाडी नाही. पुन्हा तसं करा म्हणते." त्या दिवशी फाटकाशी तुम्ही दोन मिनिटं बसवलंत.

आणि माझं लायसन्स आल्यावरचा तो दिवस. मैत्रिणींना घेऊन त्र्यंबक रस्त्याला गेले, हवी तशी हाणली, आले आणि धाडकन बंद करणार, तेवढ्यात तुम्ही फाटकात उभे. आवाज चढवला नाहीत. खिडकीशी येऊन म्हणालात, "तुला घाई असेल. तिला नाहीये." महिनाभर किल्ली मिळाली नाही. मग वाढदिवसाला तुम्ही दुसरी किल्ली करून आणलीत, पितळी वॉशरमध्ये अडकवलेली. वॉशर तुमच्या हातचा, कडा अजून कुठे टोचत नाही.

आता दिंडोरी. तुमच्या टूलरूममधल्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. हात धुताना तुम्ही भिंत धरलीत. तुमचे मित्र मला म्हणाले, "ॲम्ब्युलन्सची वाट बघू नको, ही गाडी काय कामाची मग?" मी चालवली, अण्णा. त्या गाडीत काय आहे ते मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं. आई मागे तुम्हाला छातीशी धरून बसलेली. हॉस्पिटलच्या दाराशी ब्रेक लावला आणि मागून तुमचा आवाज आला. "एक मिनिट." आरशात तुमचे डोळे दिसले. मी म्हटलं, "अण्णा, मरू दे ती गाडी," आणि किल्ली फिरवली. स्ट्रेचर आलं. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं.

आई म्हणते, "गाडीचंच म्हणत होते. त्यांना दुसरं काय सुचणार?" असेल. पण आपल्या घरात जे काही बोललं गेलं ते त्याच मिनिटात. तुम्हाला गाडीची काळजी होती की काही सांगायचं होतं? काय सांगायचं होतं? याच्यापुढे मला कधी जाता आलं नाही. गाडी विकायचं ठरलं ते आईच्या गुडघ्यांमुळे, वाढवून घेतलेल्या नोंदणीचीही मुदत संपत आल्यामुळे. सगळं खरं आहे. पण दर रविवारी ती चालू करून मी तासभर तशीच बसते, हेही एक कारण आहेच.

आता साडेपाच झालेत. ते येऊन गेले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, नखांत ग्रीस. बोनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले. म्हणाले, "लय जपलीय ताई." पाथर्डी फाट्यावरून हायवेला गेलो. ते चालवत होते, मी शेजारी. छान पळवली. परत सोसायटीच्या फाटकाशी आलो आणि मी दाराला हात घातला, तर ते स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसलेले. इंजिन चालू. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

मीच बोलले. "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. एकदा बंद केली होती. खूप पळवून, लगेच."

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

त्यांनी पायानं थोडा गॅस दिला, ऐकलं. "मग काय नाय झालं तिला. झालं असतं तर बोलली असती." मग विचारलं, "घाई होती का?"

"हो."

त्यांनी मान हलवली. गाडी बुधवारी न्यायची ठरली. या पत्राचे कागद तिच्या कप्प्यात, तुमच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवीन असं दुपारी वाटलं होतं. आता ते माझ्याकडेच राहतील, डबीसुद्धा.

एवढंच राहिलं. मिनिट झाल्यावर त्यांनी किल्लीला हात लावला आणि म्हणाले, "करू का बंद?" माझ्या तोंडून निघून गेलं, "एक मिनिट." त्यांना वाटलं मला आणखी काही सांगायचंय. ते माझ्याकडे न बघता वाट बघत राहिले. मला काहीच सांगायचं नव्हतं, अण्णा. नुसतं उतरायचं नव्हतं.