त्या पानावर मुंगी नाही

बुवापाडा, अंबरनाथ
१० ऑगस्ट २०२०

चि. सौ. तुळशीस जनूदादाचे अ. उ. आ.

भूपेशच्या दुधाच्या टेम्पोतून तुझं पत्र आणि कर्टुली पोहोचली. तुमच्या पाड्यावर फोन लागत नाही म्हणून हा कागदाचा मार्ग, नाहीतर माझं अक्षर लावायची वेळ तुझ्यावर आली नसती.

उन्नतीची काळजी करू नकोस. शाळा बंद झाली, शलाकाबाई मोबाईलवर शिकवू लागल्या आणि तुम्ही पोरगी माझ्या हवाली केलीत, तेव्हापासून या घरात तिसरीत दोघं जण आहेत. आमच्या खोलीत रेंज येते ती फक्त देव्हाऱ्यापाशी. म्हणून देवांची क्षमा मागून त्यांना फ्रिजवर बसवलं आणि त्यांच्या जागी मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. तुझी वहिनी म्हणाली की निदान त्याला हळदकुंकू लावू नका. मी लावणार नव्हतो, पण हात गेला होता हे खरं.

बाई वयाने लहान आहेत, तरी त्या दिसल्या की मी उठून उभा राहतो. पहिल्या दिवशी प्रार्थनेला मीही डोळे मिटून खडा आवाज लावला. माईक चालू होता. पोरं आपली प्रार्थना थांबवून माझी ऐकत राहिली. बाईंनी फार नम्रपणे विचारलं की उन्नतीच्या घरी आज काही कार्यक्रम आहे का.

उल्हासनगरचा आमचा जीन्सचा कारखाना सध्या अर्धा आठवडाच चालतो. शेठ म्हणतात, साईं, घर पे आराम करो. तो आराम मी पोरीला शिकवण्यात घालवतो. आपल्याला गुरुजींनी शिकवलं तसंच, मोठ्याने, तालात, तोंडात बसेपर्यंत. मुंगीचा धडा तर असा उचललाय तिने की मी टाळ वाजवला की कुठेही न अडखळता वाचते. पदूरावांना सांग, तुमच्या पोरीचा मामा जुन्या वळणाचा असला तरी कामाचा आहे.

वहिनी आठवण काढते. आमच्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
जनूदादा

बारवीच्या वरचा पाडा
१७ ऑगस्ट २०२०

ती. जनूदादास तुळशीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, तर ह्यांनी ते अख्ख्या पाड्याला सांगितलं. सासूबाईंना ऐकू येत नाही, त्यांनाही कानाशी जाऊन सांगितलं की पोर धडाधड वाचते. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, जेवते का.

दादा, एक विचारते, राग मानू नको. वाचायला टाळ कशाला लागतो रे? मला कळत नसेल, पण कालपासून तेच डोक्यात आहे.

ती घरात नाही, तरी भाकरी एक जास्तच थापली जाते माझ्याकडून. मग ती चंद्रीला घालते आणि वर त्या शेळीलाच ओरडते. चंद्री गाभण आहे, उन्नतीला सांग, तिला आवडेल. पोर लांब आहे ते सोसते, कारण ती वाचायला शिकत्येय. मी चौथीनंतर घरी बसले. जोडून जोडून वाचते, आणि दवाखान्यातली चिठ्ठी हातात आली की अजून दुसऱ्याचं तोंड बघते. तिच्यावर ती वेळ नको. एवढंच दे तिला, बाकी काही नको.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती असू दे.

तुझी बहीण,
तुळशी

बुवापाडा, अंबरनाथ
२ सप्टेंबर २०२०

चि. सौ. तुळशीस अ. उ. आ.

तुझ्या टाळाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण उत्तर मला ठाऊक नव्हतं. काल ते शलाकाबाईंनी दिलं.

बाईंनी उन्नतीला मुंगीचा धडा मधूनच वाच म्हणून सांगितलं. ती म्हणाली की मधून येत नाही, सुरुवातीपासून येतो. बाई बरं म्हणाल्या. मी टाळ धरला, पोरगी डुलत सुरू झाली आणि माझी छाती फुगली. इतक्यात बाईंनी मोबाईलवरचं पान बदललं. पोरगी चालूच. पान दुसरं आणि मुंगी तीच. बाई हळूच म्हणाल्या, “उन्नती, त्या पानावर मुंगी नाही.”

पानावर हत्ती होता. चांगला मोठा. मलाही तो दिसला नव्हता, कारण मी डोळे मिटून ताल धरला होता.

तेव्हा खरं ते लिहितो. तुझ्या पोरीला मी धडा वाचायला शिकवला नाही, भजनासारखा म्हणायला शिकवला. अक्षरं तिला येतात, पण पाठ असल्यावर त्यांच्याकडे बघायची गरजच उरली नाही. संध्याकाळी मला शंका आली म्हणून माझी रोजची पोथी मधूनच उघडली. दोन पानं हळदीच्या बोटांनी एकमेकांना चिकटलेली निघाली. किती वर्षं तशी आहेत देव जाणे. माझं वाचन मात्र त्या जागी कधी अडलं नव्हतं.

टाळ आता माळ्यावर टाकलाय. धडे खालच्या ओळीपासून वर वाचून घेतो, म्हणजे चाल लागत नाही. पोरगी रुसून फ्रिजच्या आड बसते. वर देव असल्यामुळे मला ओरडताही येत नाही.

पाड्यावर जी वार्ता गेली, ती माझ्यामुळे गेली. तुला तोंड दाखवायला पत्राचा आडोसा आहे हे बरं. रागव, पण माया तोडू नकोस.

तुझा,
जनूदादा

बारवीच्या वरचा पाडा
६ सप्टेंबर २०२०

ती. जनूदादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग रडू आलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी हे भाजी घेऊन बदलापूरला उतरणार आहेत. मी ठरवलंय, पोरीला वाचता येत नसेल तर ह्यांनी तिला घेऊनच वर यावं. वाचता न येणं तिला इथेही जमेल, त्यासाठी आईपासून लांब राहायला नको.

सोबत तिच्या नावाचं वेगळं पत्र आहे. ते तू वाचून दाखवायचं नाहीस. वहिनीनेही नाही. चंद्री व्याली. काय झालं, किती, कोणत्या रंगाचं, ते त्यात लिहिलंय. तुझ्याबद्दलही एक गोष्ट आहे. ते पत्र वाचून तिने स्वतः उत्तर लिहिलं तर राहू दे तिला. नाहीतर कपडे बांधून ठेव.

कठोर लिहिलं असेल तर लहान बहीण म्हणून पोटात घाल.

तुझी,
तुळशी

बुवापाडा, अंबरनाथ
१४ सप्टेंबर २०२०

चि. सौ. तुळशीस अ. उ. आ.

तुझं पत्र उन्नतीच्या हातात दिलं. तिने ते उलगडलं आणि लगेच माझ्यापुढे केलं. म्हणाली, मामा, तू एकदा म्हणून दाखव, मग मी म्हणते. तुळशी, तेव्हा मी वाचून दाखवलंच असतं. तिचे दोन फ्रॉक वहिनीने धुऊन घडी घालून ठेवले होते, ते समोरच दिसत होते. म्हणून पायात चपला घातल्या आणि घराबाहेरच पडलो.

देवळं बंद आहेत, तेव्हा रस्त्यावरूनच हात जोडले. काय मागावं सुचेना. शेवटी एवढंच मागितलं की चंद्रीला पिल्लं लिहायला सोप्या रंगाची झालेली असोत.

परत आलो तर पोरगी खिडकीखाली बसलेली. कागदावर बोट, ओठ हलताहेत. मध्येच अडली, पुसट पुटपुटली, डोळे पुसले, पुन्हा बोट मागे नेलं. मी दारातच उभा राहिलो. दुपार तिथेच गेली. मग एका जागी तिचे ओठ थांबले आणि बोट मात्र पुढे सरकत राहिलं. त्यानंतर तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. पुन्हा वाचलं, पुन्हा हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन वहिनीच्या कानात काहीतरी सांगितलं, तर वहिनीने लाटणं खाली ठेवून पदर तोंडाला लावला.

मला एवढंच कळलं की पिल्लं दोन आहेत, एक काळं आणि एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका, आणि नावं तीच ठेवणार आहे. माझ्याबद्दल काय लिहिलंय असं विचारलं, तर म्हणाली की मामाला सांगायचं नाही असं आईने शेवटी लिहिलंय, आणि तेसुद्धा मी वाचलं.

तेव्हा पदूरावांना म्हणावं, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी जरूर या, जेवून जा, लेकीकडून पाहिजे ते वाचून घ्या. फ्रॉक परत खुंटीला लावलेत. मुंगीची खरी हकिकत पाड्याला कधी सांगायची ते तू ठरव, मला ती खालूनच ऐकू येईल.

सोबत उन्नतीचं उत्तर आहे. पाकीट तिने स्वतः भाताच्या शितांनी चिकटवलंय. मी उघडलेलं नाही. शितं ओली होती तेव्हा उजेडाकडे धरून पाहिलं, एवढं कबूल करतो. काही दिसलं नाही.

लोभ आहेच. त्यातला थोडा मलाही ठेव.

तुझा,
जनूदादा