आतल्या शिवणीचे आभार

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? जीभ ठणठणीत असणारच, तिची चौकशी करत नाही. आमच्या सूनबाई "आत्याबाई, आता उसवणं पुरे" म्हणाल्या आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात, त्याला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून या घरात कुणी कुणाचा कपडा उलटा करून बघत नाही. फार शांतता आहे. (इतकी, की करमत नाही.)

कळवायचं ते असं, की माझा सत्कार झाला. हो, माझाच. दोनदा वाचा. शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मंडळानं केला. ज्यांनी घडवलं त्यांचे आभार माना म्हणाले. नातीनं भाषण लिहून दिलं होतं, पण चष्मा राहिला दुकानात मशीनवर. कागद उघडला तर नुसत्या मुंग्या. म्हटलं, कागद हवा कशाला? माझ्यावर उपकार करणारे मला तोंडपाठ आहेत.

पहिले आभार वडिलांचे. त्यांनी मला चौथीतून काढलं म्हणून मी शिवायला बसले, नाहीतर शिकूनसवरून कुठल्या कुठे वाया गेले असते. दुसरे तुमच्या भावाचे. मशीनच्या खडखडाटानं झोप लागत नाही म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मग त्याच खडखडाटात जन्मभर घोरले. आता मी दुपारी मशीन थांबवलं की दचकून उठतात आणि काय झालं म्हणून मलाच विचारतात.

तिसरे आभार तुमचे. तुमच्या थोरल्यासाठी मी पहिलं झबलं शिवलं होतं, आठवतं? बाहेरून किती गोड दिसत होतं. पण तुम्ही बाहेरून कधी काही बघितलंय? (माझ्यासकट.) भरल्या घरात ते उलटं केलंत, दोरा दातात धरून ओढलात आणि म्हणालात, "वरून रंगवलेली भिंत, आत सगळे पोपडे." मी मोरीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवसापासून आधी आतली शिवण, मग बाहेरची. आजही आमच्या दुकानात कपड्याच्या आतल्या बाजूला 'वन्सं'च म्हणतात. गिऱ्हाइकाला कपडा देण्याआधी मुली एकमेकींना विचारतात, "वन्सं बघितली का गं?" एवढा मान तुमच्या सासरीसुद्धा तुम्हाला मिळाला नसेल.

हे सगळं माईकवर सांगितलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, मी हवेत. तेवढ्यात पाहुणे गुच्छ द्यायला वाकले. मोठे गृहस्थ, कोट कडक. काय झालं कळलं नाही, माझ्या हातानं आपणहून त्यांच्या कोटाचा काठ उलटा केला आणि माझं तोंड, माईक समोर असताना, बोललं, "वरून एवढा झोक, आणि आत अस्तर लोंबतंय." सभागृह फुटलं हो वन्सं. सून पदराआड, नात खुर्चीखाली. मी मात्र गार पडले, कारण तो आवाज माझा नव्हता, तुमचा होता. लोक म्हणतात माणूस गेल्यावर अंगात येतं. तुम्ही धडधाकट असताना आलात, घाई कसली होती?

बाकी सर्व क्षेम.

तुमची (आतून-बाहेरून सारखीच)
भावजय

ता. क. नातीचं लग्न ठरलंय. तिचं लग्नातलं पोलकं मीच शिवलं. घरदार म्हणतं, छान झालंय. गिऱ्हाइकं म्हणतात, छान. मुलीही म्हणतात, छान. आता सत्कार झालेल्या बाईला कोण बोलणार? कुणी मेलं उलटं करून बघत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात की आता बारीक काम सोडा. तर लग्नाच्या बरंच आधी या. प्रेमानं बोलावतेय असा गैरसमज नको, काम आहे. सूनबाईंनीही उसवायची कात्री काढून ठेवलीय, स्वतःच्या हातानं.

आणखी एक. उजव्या बाहीत आत एक शिवण सुटलीय. तुमचे डोळे तरी शाबूत आहेत का बघायला मी ती मुद्दाम सोडलीय. (कुणी विचारलं तर हेच सांगायचं.)