दुसऱ्या दिवशीचं वरण

माय,

परवा एक गोष्ट लिहून पुरी केली. शेवटी त्यातल्या बाईला लख्ख उमगतं की नवरा आता परत येणार नाही, आणि तिथंच मी पूर्णविराम दिला. संपादकांना शेवट फार आवडला. मला मात्र दिवसभर तुझाच आवाज ऐकू येत राहिला, चुलीपुढून, भाकर थापता थापता विचारणारा, "समजलं तिले. मंग? दुसऱ्या दिवशी सयपाक कोनं केला?"

मी तेव्हा शाळेत होते, आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. बाबा बोरी अरबच्या बाजारातून कधीमधी जुनी मासिकं आणत. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी वाचून दाखवायची. त्या गोष्टींतल्या माणसांना शेवटच्या चार ओळींत एकाएकी सगळं कळायचं, कुणाला आईची माया, कुणाला नवऱ्याचं कपट. तुला त्याचा भारी राग. "असं कळलं का मानूस मोकळा होते काय वं? ढोराईले पानी कोन पाजीन?" मी चिडायची. तुला गोष्टींतलं काय कळतं, असं एकदा तोंडावर बोललेही. तू हसलीस आणि भाकर उलटलीस.

ती संध्याकाळ मला अजून दिसते. घरात कापसाचा ढीग आहे. माझी धाकटी बहीण, अजून पायावर उभी न राहणारी, आपल्याकडे पाठ करून ढिगाशी बसली आहे आणि बोंडातला कापूस ओढते आहे. मी वाचते आहे, शेवट जवळ आलाय. तेवढ्यात मांजरानं फळीवरचा पाण्याचा रिकामा पितळी गुंड खाली लोटला, घर दणाणलं. दारातला गोऱ्हा दाव्याला हिसका देऊन उठला, माझ्या हातचं मासिक पडलं. धाकटीनं मान वळवली नाही. ती कापूसच ओढत राहिली. तुझा पिठाचा हात परातीवर तसाच थांबला, तू तिच्या पाठीकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "थांबली काहून? समोर वाच." मी वाचलं. त्या गोष्टीतल्या बाईला सगळं कळलं, गोष्ट संपली, आणि तू पहिल्यांदाच काही विचारलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक तूच केलास. तुरीच्या वरणात मीठ नव्हतं. एरवी चिमूटभर कमी पडलं तरी "मीठ सरलं काय घरातलं?" म्हणून ताट सरकवणारे बाबा त्या दिवशी मुकाट जेवले. "आखीन वाढ," म्हणाले. शेतातून आल्यावर दारातून धाकटीला शीळ घालायची त्यांची सवय केव्हाच बंद झाली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांना तुझ्याही आधी ठाऊक होतं, माय. बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून धाकटीच्या कानात नाव सांगितलं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. गुंड पडला त्या दिवसापासून तूही ते नाव घेतलं नाहीस. तिच्या हनुवटीला बोट लावायचीस, की ती वळून हसायची. तेच तिचं नाव झालं. घरात मात्र कुणी कुणाशी त्याबद्दल एक शब्द बोललं नाही, तू जाईपर्यंत. याचं मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो.

तू गेलीस त्यालाही जमाना झाला. धाकटी माझ्याकडेच असते, केस पिकले तिचे. मघाशी तिनं येऊन माझ्या हनुवटीला बोट लावलं, जेवायची वेळ झाली म्हणून. हे पत्र पाठवायचं कुठं? आणि पोचलं असतं तरी मलाच ते वाचून दाखवावं लागलं असतं. तू सगळं ऐकलं असतंस आणि विचारलं असतंस, मंग? म्हणून उरलेलं सांगून टाकते. वरण अळणी आहे, हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. तरी बाबांच्या मागोमाग मीही ताट पुढं केलं.