रविची झबली

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

घाटनांदूर
दि. ४ डिसेंबर १९९५

चि. सौ. प्रणितास आईचे अ. उ. आ.

इकडे आम्ही खुशाल. आप्पांचा खोकला गेला, पण मफलर काही सुटत नाही. दुकानातली गिऱ्हाइकं आता त्यांना मफलरवरूनच ओळखतात. जावईबापू, शिवांजली आणि रवि बरे असतील. कड्याला थंडी किती आहे ते कळव.

आपल्या ओढ्याकडच्या रानात म्हाळू धनगराची मेंढरं बसली आहेत. दरसाल येतात. त्याची बायको दगडाबाई तुला आठवत असेल, लग्नात तुला पाहायला आली होती. तिची सून संगीता मागच्या मंगळवारी रानातच बाळंत झाली. मुलगी आहे. आठवाच महिना होता, लेकरू एवढंसं, ओंजळीत मावेल. संगीताचं पहिलं लेकरू दोन सालांखाली असंच थंडीत गेलं, म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर लागलाय. सिस्टर येऊन बघून गेली. आईच्या अंगाशी धरा, ऊब तुटू देऊ नका म्हणाली. मी माझी शाल नेऊन दिली, पण तेवढ्या शालीत लेकरू हुडकावं लागतं.

रविला आता त्याची झबली, टोपरी येत नसतील. तुझ्या पेटीत पडूनच असतील. शिवांजलीचे कपडेसुद्धा तू कुणाला दिले नाहीस, मला ठाऊक आहे. दुकान थाटायचं आहे का? धुऊन धुऊन मऊ झालेला कपडा तान्ह्याच्या अंगाला लई चांगला. द्यायचे असतील तर लवकर धाड. ही माणसं पंधरवड्यात धर्मापुरीकडे सरकतील.

मुलांना पापे. आठवण धरतेस तशी धरत जा.

तुझी आई
शिवगंगा


कडा
दि. ९ डिसेंबर १९९५

ती. सौ. आईस प्रणिताचा शि. सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. ही चिठ्ठी बोचक्यातच ठेवते आहे. शहादेव कंडक्टर ह्यांच्या ओळखीचे, परळी गाडीवर असतात. ते अंबाजोगाईला उतरवून घाटनांदूरच्या गाडीत ठेवून देतील. उद्या आप्पांनी स्टँडवर यावं म्हणून तुमच्या शेजारच्या सरस्वतीबाईंच्या फोनवर निरोप ठेवला आहे.

आई, तू म्हणालीस ते खरं आहे, माझ्याच्यानं कपडे देववत नाहीत. रविच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता पुन्हा नको. त्यामुळे पेटी उघडली की वाटतं, आपल्या घरातलं लहानपण एवढंच उरलंय. रविच्या बारशाचं हिरवं झबलं मी दोनदा बोचक्यात ठेवलं आणि दोनदा काढलं. शेवटी ह्यांनी उचलून आत टाकलं. त्या लेकराला आज थंडी वाजते आहे, तू कशासाठी राखून ठेवतेस, असं म्हणाले.

नऊ झबली, चार टोपरी, पायमोजे आणि दुपटी आहेत. बांधायला फडकं पुरेना म्हणून रविच्या अंगावरचं लोकरी पांघरूणच काढलं आणि त्यात गाठ मारली. तेही देऊन टाक. रवि दोन दिवस किरकिर करतो आहे, अंग कोमट लागतं. दाढा येत असतील.

लेकराचं कसं काय ते कळव. तुमचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.

तुझी
प्रणिता


कडा
दि. ११ डिसेंबर १९९५

ती. सौ. आईस शि. सा. न.

घाईत लिहिते. ते बोचकं दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर आप्पांना धाडून परत आण.

रविच्या अंगावर काल फोड उठले. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या. शिवांजलीच्या बालवाडीत साथ आहे, तिथूनच आल्या असतील. रविचं मी करते आहे, तो निभावेल. पण डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी बाळंतीण किंवा तान्हं मूल आहे का, असेल तर लांब ठेवा. मी नाही म्हणाले आणि दारातच मला ते पांघरूण आठवलं. शनिवारी सकाळपर्यंत ते रविच्या अंगावर होतं, आई. त्यातच सगळे कपडे बांधले मी.

बूथवरून सरस्वतीबाईंच्या घरी तीनदा फोन लावला, लागतच नाही. शहादेवांची पाळी बुधवारी आहे, त्यांच्या हातीच ही चिठ्ठी देते. त्या बाईचं एक लेकरू आधीच गेलंय. दुसऱ्याला माझ्या हातून काही व्हायला नको.

प्रणिता


घाटनांदूर
दि. १४ डिसेंबर १९९५

चि. सौ. प्रणितास अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी पोचली. बोचकं मी रविवारीच नेऊन दिलं होतं. तुला लिहिलं नाही, पण मला त्या वेळी जरा लागलं होतं. दगडाबाईनं बोचकं घेतलं, कपाळाला लावलं आणि तसंच बाजूला ठेवून दिलं. एखादं झबलं लेकराला घालून दाखवील असं वाटलं होतं. आता वाटतं, तिनं ते तसंच बांधून ठेवलेलं असू दे.

मंगळवारीच त्यांचा तळ हलला. आप्पा आज दिवस उगवताच मोटारसायकलवर धर्मापुरीच्या रस्त्याला लागले. मफलर घरीच विसरले. मी दोनदा चूल पेटवली आणि दोनदा विझू दिली. मागणारी मीच होते, तू स्वतःला बोल लावू नकोस. रविला खाजवू देऊ नको, नखं काप.

आप्पा आले की लगेच कळवते.

आई


॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

घाटनांदूर
दि. १५ डिसेंबर १९९५

चि. सौ. प्रणितास मल्लिनाथ यांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लेकरू सुखरूप आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

धर्मापुरीच्या जुन्या देवळापलीकडे बंकट म्हणून एकाच्या रानात त्यांचा तळ सापडला. म्हाळू मेंढरांमागे गेला होता. मी दगडाबाईला म्हणालो, ते कपडे जरा परत पाहिजेत. ती आत गेली, सगळे कपडे घडी घालून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. लेकराच्या अंगातलं हिरवं झबलं काढायला संगीता गाठ सोडू लागली. मला इतकं शरमल्यासारखं झालं की मी तिथंच मातीत बसलो आणि सगळी हकीकत सांगितली.

ऐकून दगडाबाई म्हणाली, मग कावून घाबरता, आप्पा. दुसऱ्या घरचा कपडा आमी तसाच अंगाला लावीत न्हाई. पहिलं लेकरू गेल्यापासून तर न्हाईच. लिंबाचा पाला टाकून मोठ्या भगुण्यात उकळला, तीन दिस उन्हात टाकला, आज सकाळी पहिल्यांदा घातला. शिवगंगाबाईला वाईट वाटंल म्हनून त्यांच्या म्होरं बोलले न्हाई.

तरी मी लेकराला आणि संगीताला धर्मापुरीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं. उकळलेल्या, वाळवलेल्या कपड्यातून काही होत नाही म्हणाले. वजन वाढतंय, दूध पितंय.

परत तळावर सोडलं तेव्हा दगडाबाईनं विचारलं, ज्येचं झबलं हाय, ते लेकरू कसं हाय? मी रस्ताभर एकाच लेकराचा विचार करत होतो बघ. तुझी चिठ्ठी तीन दिवसांची जुनी, मला काय ठाऊक? बरं आहे, म्हणालो. न कळता बोललो, म्हणून मनाला टोचतंय. तरी उलटटपाली रविचं कळव.

जावईबापूंस नमस्कार. मुलांना जपा.

तुझे आप्पा


कडा
दि. २१ डिसेंबर १९९५

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस प्रणिताचा शि. सा. न.

आप्पा, तुमचं पत्र मी उंबऱ्यातच वाचलं. पहिली ओळ वाचली आणि खाली बसले. ह्यांना वाटलं वाईट बातमी, तर मी हसत होते. कित्येक दिवसांनी त्या दिवशी पोटभर जेवले.

आई, शिवांजलीचे कपडेही मी काढलेत. भगुण्यात लिंबाचा पाला टाकून उकळले, गच्चीवर वाळत घातले. हिरवं झालेलं पाणी बघून शेजारच्या जानकीबाई विचारत होत्या की रंगवतेस का. या खेपेस गाठ धुतलेल्या फडक्याची असेल, दगडाबाईंनी कपडे पुन्हा उकळले तरी माझी हरकत नाही. मुलगी वर्षाची होईपर्यंत पुरतील.

रविच्या खपल्या गळाल्या. काल ताप नव्हता, आज सकाळी भाकरीचा तुकडा हातात धरून तो ओट्यावरून अंगणात चालत गेला. शिवांजलीला आठच फोड आले, ती ते मोजून सगळ्यांना दाखवते.

आप्पा, पुढच्या खेपेला धर्मापुरीकडे जाल तेव्हा दगडाबाईंना सांगा की त्यांनी विचारलं ते लेकरू बरं आहे. तुम्ही त्यांना जे सांगितलं होतं, ते आता खरं झालं.

तुमचीच
प्रणिता