कुठल्याही मशीनवर तेच उत्तर

३ जून
जनुक-तपासणीचा वर्कफ्लो पूर्ण. खरा खर्च: आठ महिन्यांचे रविवार, चष्म्याचा अर्धा नंबर, आणि बायकोचं "जेवायला येताय ना?" हे वाक्य. आता विचारतच नाही.
कॉम्प्युटरवरची धूळ पुसण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी. रक्ताच्या नमुन्यातून अक्षरांचा डोंगर निघतो. तो चाळून कुठल्या जनुकात दोष आहे ते सांगणारे प्रोग्रॅम मी एका साखळीत ओवले आणि अख्खी साखळी एका डब्यात बंद केली. आजवर ती प्रयोगशाळेत माझ्या टेबलाखालच्या मशीनवरच चालायची. आता डबा उचला, कुठंही न्या. कुठलंही मशीन, तेच उत्तर.
मीटिंगमध्ये हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा कुणी वर पाहिलं नाही. भारावले असावेत.

७ जून
हॉस्पिटलच्या मशीनवर पहिला प्रयोग. सगळ्यांसमोर स्क्रीनवर लाल ओळी. ‘या पायरीला काही सापडलं नाही, थांबत आहे.’ काचेपलीकडे मोठे साहेब काय पुटपुटले ते माझ्या कानांनी टिपलंच: डबा आणलाय की डबडं?
कॅन्टीनमध्ये बसून उपाय केला. यापुढे काही सापडलं नाही तर गाडी थांबणार नाही. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून पुढे जाईल. चहा निवायच्या आत काम फत्ते.

९ जून
सगळं हिरवं! टाळ्या.
तिथला ऑपरेटर मात्र चिकट. प्रत्येक वाक्य ‘पण’नं सुरू. त्याचं नाव मी पणशास्त्री ठेवलंय. पण साहेब, जनुकांचा नकाशा डब्यात आहे का? म्हटलं, नकाशा जड असतो, तुमच्या मशीनवर आहे की त्याच नावाचा. पण आवृत्ती कुठली? जुन्या आवृत्तीत पत्ते सरकलेले असतात, डबा भलत्याच घराची कडी वाजवून परत यायचा.
नाव तेच म्हणजे नकाशा तोच. तरी माणसाचं मन राखावं. सोमवारी तपासतो.

१४ जून
सोमवार गेला. साहेबांनी पाठ थोपटली, त्यात वेळ गेला.
रिपोर्ट झपाझप. आणि एकूण एक स्वच्छ! लोक आनंदानं घरी जातायत. डब्याचा पायगुण.
रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरीणबाई आनंदात नाहीत. पेन हातात धरून बसतात. स्वभाव.

१८ जून
ताईचा फोन. भाच्याच्या दोन्ही किडन्या निकामी. भावोजी ह्याच आजारानं गेले. आता भाची भावाला एक किडनी देणार आहे. पण तोच दोष तिच्यातही असला तर पुढेमागे तिचीही तीच गत, आणि तेव्हा तिच्याकडे एकच उरलेली. म्हणून आधी तपासणी.
ताई म्हणाली, बाकी कुणावर माझा विश्वास नाही रे, तूच बघ. नमुना रांगेत सगळ्यात पुढे घातला.

२० जून
स्वच्छ!! मीच फोन केला. म्हटलं, ताई, डोळे झाकून सही कर.
संध्याकाळी भाची आली. हसत म्हणाली, मामा, एक किडनी दादाला दिली, दुसरी तुझ्या भरवशावर. मी म्हटलं, बिनधास्त. ऑपरेशन २६ तारखेला.
बायको मधेच म्हणाली, तुम्ही नीट बघितलंय ना? ह्या घरात माझी किंमत शून्य.

२३ जून
पार्टिशनपलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज. इतक्या नमुन्यांत एकही दोषी नाही? एकही? पणशास्त्री काय म्हणतो ऐकायला कान लावले. ‘पण’सुद्धा नाही.
लोकांची तब्येत सुधारली असेल. हल्ली सगळे चालायला जातात.
नकाशा तपासायचा आहे. आज मान आखडली आहे.

२५ जून, सकाळ
डॉक्टरीणबाईंनी परवाच भाच्याचंही रक्त मागवलंय. ह्याच डब्यातून काढा म्हणाल्या. मला हसू आलं. बाई, तो आजारी आहे हे अख्ख्या जगाला ठाऊक आहे, मशीनला कशाला शीण? त्या म्हणाल्या, म्हणूनच.
हसल्या नाहीत.
भाचीला आज भरती केलं. तिला खिडकीजवळची खाट हवी होती. मिळाली.

२५ जून, संध्याकाळ
भाच्याचा रिपोर्ट आला. सगळं हिरवं. ‘दोष आढळला नाही.’
तो खालच्याच मजल्यावर डायलिसिसला आहे. सुजलेले पाय मी दुपारीच पाहिले होते.
पणशास्त्रीनं नकाशाची फाईल उघडून माझ्याकडे वळवली. आवृत्ती जुनी; डबा भलत्याच घरी शोधून ‘आढळला नाही’ लिहीत होता. एक ‘पण’ म्हणाला असता तरी बरं झालं असतं.
डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन थांबवलं. आजवर रिपोर्ट गेलेल्या प्रत्येक घरी फोन करायला बसल्या. ताईला मी सांगतो म्हटलं. फोन हातात घेतला, मग आधी खात्री करू म्हणून प्रयोगशाळेत आलो. भाचीचा नमुना टेबलाखालच्या मशीनवर लावला. नकाशा नवा, रक्त तेच, डबा तोच.
उत्तर वेगळं आलं. भाचीत दोष आहे.